तुटपुंज्या बजेटात मोटारीसाठी चांगले टायर कसे निवडावेत

मोटारीचा रस्त्याशी प्रत्यक्ष संपर्क येतो तो चार टायरांच्या तळाशी असलेल्या चार लहान जागांपुरता, आणि यातली प्रत्येक जागा साधारण तळहाताएवढी असते. ब्रेक चाकांचे फिरणे रोखतात, पण गाडी प्रत्यक्ष किती अंतरात थांबेल हे या चार जागांवरील रबराच्या पकडीवर ठरते. म्हणून हाताशी पैसे कमी असताना बाजारातला सर्वांत स्वस्त टायर हुडकत बसण्यापेक्षा कोणत्या गुणासाठी पैसे मोजायचे आणि कोणत्या गुणांवर पाणी सोडायचे, हे दुकानात पाऊल टाकण्यापूर्वीच ठरवणे शहाणपणाचे ठरते. माझे मत सुरुवातीलाच स्पष्टपणे मांडतो: ओल्या रस्त्यावरची पकड ही एकमेव बाब अशी आहे की जिच्यात काटकसर करू नये. नामांकित ब्रँडचे नाव, रुंद टायरचा रुबाब, गरजेपेक्षा जास्त वेगाची क्षमता, आवाजातला किरकोळ फरक, या सगळ्यांवर मात्र खुशाल पैसे वाचवावेत.

जुना टायर आधी नीट पाहा

नवा टायर घेण्याची सुरुवात जुन्या टायरपासून करावी, कारण तो का झिजला हे कळल्याशिवाय नव्यावर केलेला खर्च टिकत नाही. नव्या टायरच्या खाचांची खोली साधारण ८ मिमी असते. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की खोली १.६ मिमी उरली असे समजावे, आणि अनेक देशांत हीच कायदेशीर किमान मर्यादा आहे. ही मर्यादा म्हणजे टायर बदलण्याची आदर्श वेळ, असा समज मात्र करून घेऊ नये. खाचांचे काम पाणी बाजूला सारण्याचे असते आणि ती क्षमता १.६ मिमीच्या बरीच आधी घटू लागते. खोली ३ मिमीवर आली की नव्या टायरचा शोध सुरू करावा, हा अनेक तज्ज्ञांचा सल्ला कमी बजेट असलेल्यांनी तर विशेष मनावर घ्यावा, कारण टायर खरेदीत सर्वांत महाग पडते ती घाई. टायर गुळगुळीत झाल्यावर किंवा फुटल्यावर दुकानात गेलेल्या माणसाला समोर जे असेल ते, सांगतील त्या किमतीला घ्यावे लागते. महिनाभर आधी शोध सुरू केलेल्याला चार ठिकाणच्या किमती तपासता येतात आणि सवलतीची वाटही पाहता येते.

खोली मोजण्याचे छोटे मापक अगदी स्वस्तात मिळते. प्रत्येक टायरवर बाहेरची कड, मध्य आणि आतली कड अशा तीन ठिकाणी मोजावे आणि हेच मोजमाप परिघावर दोन-तीन जागी पुन्हा करावे. आतली कड उभ्याने दिसत नाही, त्यामुळे स्टिअरिंग पूर्ण वळवून किंवा वाकून ती पाहावीच लागते, आणि बहुतेकांचे दुर्लक्ष होते ते नेमके इथेच.

झिजेचा प्रकार कारण सांगतो. दोन्ही कडा झिजल्या असून मध्य शाबूत असेल, तर टायर दीर्घकाळ कमी हवेवर चालला आहे. मध्य झिजला असून कडा शाबूत असतील, तर हवा सतत जास्त भरली गेली आहे. एकच कड झिजली असेल, तर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, बिघडली आहे किंवा सस्पेन्शनचा एखादा सांधा सैल झाला आहे. पृष्ठभागावरून आडवा हात फिरवताना एका दिशेने मऊ आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे धारदार लागत असेल, तर चाकांच्या टो या कोनात (चाके पुढून किंचित आत किंवा बाहेर वळलेली असण्याच्या कोनात) दोष असण्याची शक्यता मोठी असते. ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखी झीज दिसली, तर शॉक अॅब्सॉर्बर थकले आहेत का किंवा चाकाचे बॅलन्सिंग (वजनाचा समतोल) गेले आहे का हे तपासावे. अलाइनमेंट करून घेण्याचा खर्च एका टायरच्या किमतीच्या तुलनेत लहान असतो, मात्र ती बिघडलेली ठेवली तर नव्या टायरचे निम्मे आयुष्यही हाती लागेलच असे नाही.

काही दोषांत झीज पाहण्याची गरजच नसते. टायरच्या बाजूच्या भिंतीवर फुगा आला असेल, तर आतले धागे तुटलेले असतात आणि तो टायर त्याच दिवशी बदलावा. भिंतीवर धागे दिसतील इतका खोल काप, रबरावर सर्वत्र पसरलेल्या भेगा, किंवा भिंतीत झालेले पंक्चर, यांवर सुरक्षित दुरुस्ती नाही. उलट टायरच्या मधल्या भागात खिळा शिरून झालेले साधे पंक्चर, छिद्र ६ मिमीपेक्षा लहान असेल आणि टायर हवा नसताना चालवला गेला नसेल, तर आतून मशरूम पॅच (छिद्रात बसणारी दांडी असलेले ठिगळ) लावून नीट दुरुस्त होते. अशा टायरला केवळ पंक्चर झाले म्हणून निकालात काढणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

आकार, भार आणि वेग यांचे आकडे

गाडीला कोणता टायर लागतो हे जुन्या टायरवरून ठरवू नये, कारण आधीच्या मालकाने किंवा दुकानदाराने चुकीचा आकार बसवलेला असू शकतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर, इंधनाच्या झाकणाच्या आत किंवा गाडीच्या पुस्तिकेत आकार आणि हवेचा दाब छापलेला असतो; तोच प्रमाण मानावा.

समजा तिथे १८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिले आहे. यातील १८५ ही टायरची मिमीमधील रुंदी आहे. ६५ म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिमी. आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. ८८ हा भारांक असून तो टायर योग्य दाबावर कमाल ५६० किलो पेलू शकतो असे सांगतो. शेवटचे एच हे वेगाचे चिन्ह २१० किमी प्रतितास ही मर्यादा दर्शवते. टी म्हणजे १९० आणि व्ही म्हणजे २४०. भारांक आणि वेगचिन्ह ही दोन्ही गाडीच्या कंपनीने सांगितलेल्यापेक्षा वरची चालतात, खालची चालत नाहीत. हिवाळी टायरांच्या बाबतीत वेगचिन्हापुरती काही ठिकाणी सूट असते, तेवढाच अपवाद. भारांक कमी असलेला टायर रिकाम्या गाडीत काही जाणवू देत नाही. पाच माणसे, मागे सामान, तापलेला रस्ता आणि लांबचा पल्ला एकत्र आले की तो आतून तापतो आणि फुटतो. स्वस्तात मिळतो म्हणून असा टायर कधीही घेऊ नये.

बजेट वाचवण्याची एक चांगली संधी याच टप्प्यावर असते आणि ती फार थोडे लोक साधतात. एकाच मॉडेलसाठी गाडीची कंपनी अनेकदा दोन किंवा तीन आकारांना मान्यता देते, उदाहरणार्थ खालच्या श्रेणीला १५ इंची आणि वरच्या श्रेणीला १७ इंची चाके. मोठ्या रिमचे, बुटक्या भिंतीचे टायर जवळजवळ नेहमीच महाग असतात आणि खड्ड्यात त्यांना व रिमला इजा होण्याची शक्यताही अधिक असते. आपल्या इंजिनाच्या आणि ब्रेकच्या प्रकाराला लहान रिम मान्य असेल, तर वापरलेल्या पण सरळ असलेल्या लहान रिमांचा संच घेऊन त्यावर चांगले टायर बसवणे काही वर्षांच्या हिशेबात स्वस्त पडू शकते. मात्र मान्यता पुस्तिकेत पाहावी, कारण काही गाड्यांच्या ब्रेक कॅलिपरवर (चाकाच्या आत असलेल्या ब्रेकच्या भागावर) लहान रिम बसतच नाही.

पर्यायी आकार वापरायचा असल्यास एकूण व्यास मूळ व्यासाच्या फार जवळ असावा. १८५/६५ आर १५ या टायरचा व्यास ६२१.५ मिमी येतो आणि १९५/६० आर १५ चा ६१५ मिमी, म्हणजे फरक सुमारे १ टक्का. व्यास बदलला की स्पीडोमीटर आणि किलोमीटरचा आकडा चुकतो, आणि मडगार्डला टायर घासण्याची शक्यताही वाढते. आपला आकार बाजारात दुर्मीळ असल्याने महाग मिळत असेल, तर कंपनीने मान्य केलेला अधिक खपाचा आकार आहे का हे विचारावे. जास्त खपणाऱ्या आकारात स्पर्धा अधिक असते आणि किमती खाली असतात.

काही टायरांवर गाडीच्या कंपनीसाठी खास जुळवणी केल्याची चिन्हे असतात: बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ. साध्या वापराच्या गाडीत त्याच मॉडेलचा, चिन्ह नसलेला टायर बहुधा स्वस्त मिळतो आणि उत्तम चालतो. मूळ टायर रनफ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालू शकणाऱ्या प्रकारचे असतील, तर साध्या टायरांवर जाण्यापूर्वी पुस्तिका पाहावी आणि गाडीत स्टेपनी नसल्यास तिची किंवा पंक्चर किटची सोय आधी करावी.

ओल्या रस्त्यावरची पकड का महत्त्वाची

कोरड्या रस्त्यावर स्वस्त आणि महाग टायरांतला फरक बहुतेक वेळा सुसह्य असतो. पाणी आले की तो उघडा पडतो. साधे गणित पाहा. दोन सारख्या गाड्या ताशी ८० किमी वेगाने ओल्या रस्त्यावर शेजारी चालल्या आहेत आणि दोघींनी एकाच क्षणी पूर्ण ब्रेक दाबला. पहिली ३० मीटरमध्ये थांबते, दुसरीला ४० मीटर लागतात. वेग एकसारखा घटतो असे धरले, तर पहिली गाडी थांबते त्या जागी दुसरी गाडी अजूनही ताशी ४० किमीने पुढे जात असते. कागदावर फक्त १० मीटरचा दिसणारा फरक प्रत्यक्षात पायी चालणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. टायरांच्या किमतीतला फरक तोलताना हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

पकडीचा बराचसा भाग रबराच्या मिश्रणातून येतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून टायरच्या रबरात काजळीच्या जोडीला सिलिका मोठ्या प्रमाणात वापरली जाऊ लागली, आणि तिच्यामुळे ओली पकड व इंधनबचत हे एरवी एकमेकांच्या विरोधात जाणारे गुण एकत्र साधणे शक्य झाले. हे मिश्रण बनवणे खर्चिक असते. अगदी तळच्या किमतीचे टायर याच ठिकाणी मागे पडतात, आणि ते नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यांची नक्षी महागड्या टायरची हुबेहूब नक्कल असू शकते.

म्हणून आधार घ्यावा तो मोजमापांचा. युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या टायरांवर एक लेबल असते आणि मे २०२१ पासून त्याच्या श्रेणी ए ते ई अशा आहेत. त्यावर इंधनक्षमता, ओली पकड आणि बाहेरचा आवाज या तीन बाबी दिसतात. ढगातून पाऊस पडत असल्याचे चित्र शोधावे, कारण ओल्या पकडीची श्रेणी तिथे असते. माझ्या मते कमी बजेटातही बी श्रेणीच्या खाली उतरू नये, आणि इंधनक्षमतेत सी मिळाला तरी चालवून घ्यावा. आपण इतर कुठे राहत असलो तरी त्याच मॉडेलचे, त्याच आकाराचे युरोपीय लेबल इंटरनेटवर अनेकदा सापडते. फक्त वेगळ्या देशांसाठी बनवलेल्या टायरचे मिश्रण वेगळे असू शकते, म्हणून मॉडेलचे पूर्ण नाव आणि भारांक तंतोतंत जुळवून पाहावे.

अमेरिकी पद्धतीचे तीन आकडेही पुष्कळ टायरांच्या भिंतीवर कोरलेले असतात. ट्रेडवेअर हा झिजेचा आकडा प्रमाण टायरला १०० धरून दिला जातो. ४०० म्हणजे त्या चाचणीच्या परिस्थितीत चौपट टिकाऊ. ट्रॅक्शनची श्रेणी एए, ए, बी, सी अशी असते आणि ती ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत ब्रेक लावताना मिळणाऱ्या पकडीची असते. वळणावरची पकड किंवा पाण्याच्या थरावर टायर तरंगून पकड सुटण्याचा धोका तिच्यातून कळत नाही. टेम्परेचरची श्रेणी उष्णता सहन करण्याची. या तिघांत ट्रेडवेअरच्या मोठ्या आकड्याला सर्वाधिक लोक भुलतात. हा आकडा उत्पादक स्वतः ठरवून देतो, त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची तुलना करायला तो बरा आहे, पण दोन कंपन्यांमध्ये तुलना करायला फारसा भरवशाचा नाही. शिवाय फार टिकणारे मिश्रण बहुधा कडक असते आणि पकडीत त्याची किंमत मोजावी लागू शकते. ट्रॅक्शन ए किंवा एए नसेल, तर ट्रेडवेअर कितीही मोठा असला तरी तो टायर मी घेणार नाही.

लेबलपेक्षाही अधिक सांगून जातात त्या स्वतंत्र संस्थांच्या चाचण्या. जर्मनीचा एडीएसी, स्वित्झर्लंडचा टीसीएस, ऑस्ट्रियाचा ओएएमटीसी हे मोटार क्लब आणि अमेरिकेतील कन्झ्युमर रिपोर्ट्स ही संस्था टायरांची तुलना करून निकाल जाहीर करतात. त्यांत कोरडे आणि ओले ब्रेकिंग, पाण्यावर तरंगण्याचा धोका आणि झीज यांसारख्या, लेबलवर पूर्णपणे न येणाऱ्या गोष्टी मोजल्या जातात. आपलाच आकार तपासलेला असेलच असे नाही. जवळचा आकार चालतो. तक्त्यात एकूण क्रमांकाऐवजी ओल्या रस्त्याचा रकाना आधी वाचावा आणि तिथे जे टायर बरे ठरले त्यांतून स्वस्त निवडावा.

मधली फळी

सर्वांत वरच्या ब्रँडच्या आणि अनोळखी नावांच्या मध्ये एक फळी असते, आणि तुटपुंज्या बजेटासाठी माझी पहिली शिफारस तीच आहे. मोठ्या उत्पादकांच्या मालकीची दुय्यम नावे या फळीत येतात: मिशेलिनच्या छत्राखाली क्लेबर आणि बीएफगुडरिच, कॉन्टिनेन्टलच्या छत्राखाली बारम आणि सेम्परिट, गुडइयरच्या छत्राखाली फुल्डा आणि सावा, ब्रिजस्टोनच्या छत्राखाली फायरस्टोन, हॅन्कूकच्या छत्राखाली लॉफेन. अपोलोने २००९ मध्ये व्रेडेस्टाइन विकत घेतली. मूळ कंपनीचे संशोधन, कारखाने आणि गुणवत्ता तपासणी यांचा काही ना काही लाभ या नावांना मिळतो. मिश्रण आणि नक्षी मात्र अनेकदा एक पिढी मागची असते, आणि किंमत त्यामुळेच कमी असते. छत्र मोठे आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण एकाच दुय्यम ब्रँडचे एक मॉडेल चांगले आणि दुसरे सुमार असते. नाव पाहून यादी करावी आणि ओल्या पकडीच्या मोजमापावर ती छाटावी, हा क्रम उलटा होऊ देऊ नये.

मोठ्या ब्रँडचे नवे मॉडेल आले की जुने मॉडेल सवलतीत निघते. दोन-तीन वर्षांपूर्वी चाचण्यांत वर असलेला टायर असा मिळाला, तर तो सोडू नये.

हवामानाचा विचार थोडक्यात. तापमान बराच काळ सुमारे ७ अंशांच्या खाली राहत असेल आणि बर्फ पडत असेल, तर उन्हाळी टायरचे रबर कडक होऊन पकड घटते. अशा ठिकाणी दोन संच परवडत नसतील, तर चांगले ऑल सीझन टायर हा व्यवहार्य तोडगा आहे. त्यांवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेले चिन्ह पाहावे, कारण नुसते एम अधिक एस हे चिन्ह कोणत्याही ठरावीक चाचणीशिवाय लावता येते. जिथे बर्फ पडतच नाही तिथे हिवाळी टायर कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. उष्ण रस्त्यावर ते मऊ पडतात, लवकर झिजतात आणि ब्रेकचे अंतर वाढवतात.

टायरचा जन्म कधी झाला

भिंतीवर डॉट या अक्षरांनंतर येणाऱ्या मालिकेतले शेवटचे चार अंक उत्पादनाची तारीख सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. पूर्ण मालिका टायरच्या एकाच बाजूला असते, त्यामुळे चार अंक दिसले नाहीत तर दुसरी बाजू पाहावी. तिथे तीनच अंक असतील, तर टायर २०००च्या आधीचा आहे आणि त्याला हातही लावू नये.

सावलीत, थंड आणि कोरड्या जागी ठेवलेला न वापरलेला टायर वर्ष-दोन वर्षे जुना असला तर काही बिघडत नाही, आणि त्याबद्दल किंमत कमी करून मागण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. तीन वर्षांपेक्षा जुना असेल, तर सवलत भरघोस असल्याशिवाय घेऊ नये, कारण आपण आयुष्यातली काही वर्षे न वापरताच गमावत असतो. अनेक मोटार उत्पादक ६ वर्षांनंतर टायर बदलण्यास सांगतात, आणि खाचा कितीही खोल असल्या तरी उत्पादनाच्या तारखेपासून १० वर्षांनंतर टायर वापरू नये, असे काही मोठे टायर उत्पादक सांगतात. वर्षाला जेमतेम काही हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे टायर झिजण्यापूर्वी वयाने संपतात. अशा गाडीसाठी फार टिकाऊ टायरवर जास्त पैसे घालणे निरर्थक आहे; तेच पैसे पकडीत घालावेत.

वापरलेले टायर घ्यावेत का

शक्यतो घेऊ नयेत. ३ मिमी खोली उरलेला जुना टायर नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत मिळाला, तरी ८ मिमीपासून ३ मिमीपर्यंतचे सुरक्षित आयुष्य त्याने आधीच संपवलेले असते. म्हणजे आपण जवळजवळ काहीच विकत घेत नसतो. तरीही एखाद्याला दुसरा मार्गच नसेल, तर टायर रिमवर बसवलेला असताना घेऊ नये. सुटा करून, आतून पाहून घ्यावा.

टॉर्च घेऊन आतली बाजू संपूर्ण वर्तुळभर पाहावी. आतल्या भिंतीवर गोल फिरणारा घासल्याचा पट्टा दिसत असेल किंवा हाताला काळी रबराची भुकटी लागत असेल, तर तो टायर हवा नसताना चालवला गेला आहे आणि त्याची भिंत आतून खचली आहे. बाहेरून तो नव्यासारखा दिसला तरी नाकारावा. आतला पॅच कडेजवळ किंवा भिंतीवर असेल, तरी नाकारावा. रिमला चिकटणारी कड, जिला बीड म्हणतात, ती फाटलेली किंवा तिची तार उघडी पडलेली नसावी. मग दोन्ही हातांनी टायर दाबून भिंत ताणावी आणि बारीक भेगा उघडतात का ते पाहावे. खोली किमान ५ मिमी असावी, वय ५ वर्षांपेक्षा कमी असावे, आणि एका अॅक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीवर, दोन्ही टायर एकाच मॉडेलचे, जवळपास सारख्या झिजेचे असावेत. नवीन खाचा कापून नवा भासवलेला टायर कारसाठी मुळीच घेऊ नये.

किती टायर आणि कोणत्या चाकांवर

चारही एकदम बदलणे उत्तम, पण सगळ्यांना ते परवडत नाही, आणि जोडीने बदलण्यात काही गैर नाही. एका अॅक्सलवर दोन्ही टायर एकाच मॉडेलचे आणि सारख्या खोलीचे असावेत, एवढे मात्र पाळावेच. एकच टायर निकामी झाला असेल, तर दुसरा जवळजवळ नवा असल्याशिवाय जोडी घ्यावी आणि उरलेला चांगला टायर आकार जुळत असल्यास स्टेपनीला ठेवावा.

नवी जोडी मागच्या चाकांवर बसवावी, गाडी पुढच्या चाकांनी चालणारी असली तरी. हा सल्ला पुष्कळांना पटत नाही, म्हणून कारण नीट समजून घ्यावे. ओल्या वळणावर पुढची पकड सुटली, तर गाडी वळण्याऐवजी सरळ जाऊ लागते. चालक आपोआप पाय उचलतो, वेग घटतो आणि पकड परत येते. मागची पकड सुटली, तर गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते, आणि तिला सावरणे सामान्य चालकाच्या आवाक्यातले नसते. पुढचे टायर आधी झिजतात हे खरेच आहे, आणि त्यातूनच काटकसरीचा क्रम तयार होतो: अर्धे झिजलेले टायर पुढे टाकावेत, ते ३ मिमीपर्यंत वापरून संपवावेत, मग मागची जोडी पुढे आणावी आणि नवी जोडी पुन्हा मागे बसवावी. अशा क्रमाने खर्च दोन हप्त्यांत विभागला जातो आणि स्थिरतेला धक्का लागत नाही.

चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत ही मोकळीक नसते. पुढच्या-मागच्या टायरांच्या व्यासातला फरक गिअर यंत्रणेवर सतत ताण आणतो, म्हणून पुस्तिकेत दिलेली खोलीतील फरकाची मर्यादा पाहावी. अनेक गाड्यांत ती २ ते ३ मिमीइतकीच असते.

किंमत दर किलोमीटरला मोजावी

समजा, एका टायरची किंमत दुसऱ्याच्या पाऊणपट आहे. स्वस्त टायर २५,००० किमी टिकतो आणि महाग ४०,००० किमी. दर किलोमीटरला स्वस्त टायर सुमारे २० टक्के महाग पडतो, शिवाय बसवणे, बॅलन्सिंग आणि व्हॉल्व्हचा खर्च लवकर पुन्हा येतो. उलट गाडी दोन वर्षांत विकायची असेल किंवा फार कमी चालत असेल, तर या हिशेबाला अर्थ उरत नाही आणि चांगल्या ओल्या पकडीचा, मध्यम टिकाऊ टायरच योग्य ठरतो. आपण वर्षाला किती चालवतो हा आकडा लिहून घेतल्याशिवाय टिकाऊपणासाठी जास्त पैसे देऊ नयेत.

भाव विचारताना नुसत्या टायरचा भाव विचारू नये. टायर, बसवणे, बॅलन्सिंग, नवा व्हॉल्व्ह, जुन्याची विल्हेवाट आणि कर मिळून एकूण किती, असेच विचारावे. इंटरनेटवर स्वस्त दिसणारा टायर बसवण्याच्या खर्चासह अनेकदा जवळच्या दुकानाच्या बरोबरीला येतो. नायट्रोजन भरण्यासाठी वेगळे पैसे देण्याची गरज नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि दाब नियमित तपासला तर साधी हवा पुरेशी आहे.

बसवून घेताना आणि त्यानंतर

पैसे देण्यापूर्वी चारही गोष्टी स्वतः पाहाव्यात: आकार, भारांक व वेगचिन्ह, उत्पादनाची तारीख, आणि मॉडेलचे पूर्ण नाव. टायर एकदा रिमवर चढला की परत करणे कठीण होते. भिंतीवर बाण असेल, तर तो पुढे जाण्याच्या दिशेने असावा. आउटसाइड असे लिहिले असेल, तर ती बाजू बाहेर दिसली पाहिजे. साधा रबरी व्हॉल्व्ह टायरसोबत बदलून घ्यावा, कारण त्याची किंमत नगण्य असते आणि तोच सडून हवा जाते. दाब मोजणारे सेन्सर असतील, तर निदान त्यांचे रबरी सील नवे बसवावेत. नट अंदाजाने आवळू न देता टॉर्क रेंचने ठरावीक बळाने आवळून घ्यावेत आणि ५० ते १०० किमी चालल्यावर पुन्हा तपासावेत.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या पदार्थाचा अंश असतो, त्यामुळे पहिले ३०० ते ५०० किमी ब्रेक आणि वळणे जपून घ्यावीत.

हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासावी. टायरातून महिन्याला साधारण १ ते २ पीएसआय (दाब मोजण्याचे एकक) हवा आपोआप कमी होते, आणि बाहेरचे तापमान १० अंशांनी उतरले तर आणखी तितकाच दाब घटतो. भिंतीवर कोरलेला कमाल दाब हा टायरची मर्यादा सांगतो, गाडीला लागणारा दाब नाही. भरायचा तो दाराच्या चौकटीवर दिलेला, आणि गाडी माणसे व सामानाने भरलेली असेल तर तिथेच दिलेला जास्तीचा. त्याच वेळी स्टेपनीही तपासावी आणि तिच्यावरची तारीखही वाचावी. पावतीवर टायरांचे डॉट क्रमांक, गाडीचे त्या दिवशीचे किलोमीटर आणि खाचांची खोली लिहून ठेवावी. वॉरंटीचा दावा करायची वेळ आली, तर ही नोंद उपयोगी पडते, आणि पुढच्या खरेदीच्या वेळी हा टायर प्रत्यक्षात दर किलोमीटरला कितीला पडला हेही तिच्यावरून काढता येते.